साबण्याची बढती

१० एप्रिल

चि. छकुली,
अ. उ. आ.

इकडे सारे खुशाल. साथीनं दारं बंद केली, पण आपल्या घराची कॉलर ताठ आहे. जन्मभर ज्याला आपण साबण्या म्हणून चिडवलं, तो धाकटा आता सोसायटीचा स्वच्छताप्रमुख झालाय! फाटकाशी बादली घेऊन उभा असतो. पिशव्या, भाजी, किल्ल्या धुतल्याशिवाय कुणाला वर सोडत नाही. काल तर वर्तमानपत्र धुतलं. चेअरमन म्हणाले, हाच एक शहाणा, वेडे आपणच होतो. तेव्हा त्याच्या मनाच्या डॉक्टरांना मी रामराम ठोकला, गोळ्याही बंद केल्या. जगच त्याच्यासारखं झालं, मग आजारी कोण? तुझी वहिनी त्याच्या हातांवरून कुरकुरते, पण तिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

जिवाला जप, आमच्यावर माया ठेव.

तुझा दादा

१८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते. तुझं पत्र वाचून शिसारी आली.

दोन वर्षं झगडून तो दाराची कडी धरून, हात न धुता, बसून राहायला शिकला होता. डॉक्टर शेजारी बसायचे; भीती चढायची आणि आपसूक उतरायची. मागच्या खेपेला त्यानं माझ्या लेकीच्या ताटातला घास उचलून खाल्ला, तेव्हा मी आत जाऊन रडले होते. त्या सगळ्यावर तुम्ही बादलीभर पाणी ओतलंत.

तुम्ही हात धुता आणि विसरता. त्याला विसरता येत नाही, हाच त्याचा आजार. अख्खी इमारत एका आजारी माणसाच्या भीतीवर निर्धास्त झोपते आणि वर त्याला पद देते! लंगड्याला शर्यतीत पळवायचं आणि त्याच्या रक्ताळलेल्या पायांवर फुलं वाहायची, तसली ही शाबासकी. आणि तू? तू सख्खा भाऊ, तू त्या मिरवणुकीच्या पुढे!

डॉक्टरांना आज फोन लाव. लोभ असावा, नसला तरी फोन लाव.

तुझी धाकटी बहीण

२५ एप्रिल

चि. छकुली,
अ. उ. आ.

तुझं भाषण पोचलं, टाळ्या इकडूनच वाजवल्या. पण एक सांग, त्याला आजवर कुणी या-बसा म्हटलं होतं? आता चेअरमन थांबून नमस्कार करतात. तो मान मी काढून घेऊ? त्यालाच विचारलं, बरा आहे म्हणाला. रविवारी गॅलऱ्यांमधून टाळ्या वाजवून सगळे त्याचा सत्कार करणार आहेत. तेवढा होऊ दे, मग बघू.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

दादा

३० एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे भाऊ लिहायला बसतात आणि उठतात, म्हणून मी लिहिते.

रविवारी खाली टाळ्या सुरू झाल्या आणि भावजी न्हाणीघरातून बाहेर येईनात. हे दाराशी उभं राहून विनवत होते, लोक खोळंबलेत, दोनच मिनिटं ये. इतक्या वर्षांच्या संसारात मला यांची किळस पहिल्यांदा आली. मी घराचं पाणी बंद केलं, कडी उचकटली. भावजी फरशी घासायच्या ॲसिडनं हात घासत होते. बोटांची सालं निघाली होती. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, की कुणाच्या पिशव्या राहिल्यात का.

डॉक्टर आता रोज फोनवर असतात. गोळ्या सुरू झाल्या. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. पाणी बंद केल्याचा राग आहे. असू दे. फाटकाशी साचलेल्या पिशव्या मी न धुता ज्याच्या त्याच्या दारात नेऊन टाकल्या.

काल चेअरमन वर आले. आता धुणार कोण, असं विचारत होते. तेवढ्यात त्यांना आत बसलेल्या भावजींचे पट्ट्या बांधलेले हात दिसले. दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, हे पसरणारं तर नाही ना?

यांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. मग तिथंच दाराला पाठ लावून खाली बसले.

वाट मोकळी झाली की या. आमच्यासाठी नको, भावजींसाठी.

तुमची वहिनी