आईशेजारची जागा

२७ ऑक्टोबर २०१८

साल १९६६. परसात चुलीजवळ मी आणि मोठी बहीण निएवेस आळीपाळीने खोवणीवर बसून नारळ खोवतोय. मी तेरा वर्षांची, ती पंधरा. आई ओरडते, "खोवताय की खाताय?" दोघींची तोंडं भरलेली! उत्तर देता येईना, नुसतं हसू.

आज त्याच निएवेसने सगळ्या बायकांसमोर चुन्याची बादली माझ्या पायाशी आदळली. दोन तारखेला मृतांचा सण, म्हणून गावच्या दफनभूमीत थडगी पांढरी करायला गेलो होतो. राखणदार टुन इलारियो सहज बोलून गेला — आईच्या शेजारी एकच जागा उरलीय. मी म्हटलं, मला हवी.

"तुला? सैनिकांच्या दफनभूमीत जा की, सार्जंटबाई! तिथे दगड फुकट, झेंडा फुकट, बिगूलसुद्धा वाजवतात. ही जागा? माझ्या हयातीत नाही!"

२८ ऑक्टोबर

बोलायला काय जातं तिचं! वीस वर्षं अमेरिकेच्या मरीन सैन्यात काढली मी. ट्रकखाली उताणी पडून, केसांत ग्रीस. "ए गुआम, पाना दे!" — आमच्या बेटाचं नाव, तेच माझं नाव. सार्जंट झाले त्या दिवशी त्याच पुरुषांना ट्रकखाली पाठवलं. मग परत येऊन एकोणीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळलं. माझ्या वेळी एक पोर रस्त्यात ताटकळलं नाही. आणि हिने काय केलं? घरात बसली.

रागात लिहिलं. खोडत नाही. शाळेतल्या नन म्हणायच्या, खोडलेलं देवाला जास्त दिसतं.

२९ ऑक्टोबर

कपडे वाळत घालताना निएवेसने पुन्हा जुनंच काढलं. "विमानतळावर आईने हात पुढे केला. नाकाला लावून आशीर्वाद घ्यायचा, तर बाईसाहेबांनी सॅल्यूट ठोकला! तिचा हात तसाच हवेत."

१९७६ची गोष्ट. मागे कॅप्टन उभा होता. गणवेशात वाकायचं नाही, असं वाटलं मला. चुकलं. पण हिला सांगणार नाही. बेचाळीस वर्षं एकच चूक पुरवून पुरवून वापरतेय!

३० ऑक्टोबर

बोलणं बंद. तिने लाल भात केला — एकटीपुरता. मी डब्यातले मासे खाल्ले. उभ्यानेच.

१ नोव्हेंबर

सकाळी एकटीच फादरकडे गेले. "जिने आधी मागितली तिची," म्हणाले. आधी मीच. सही केली. जिंकले! संध्याकाळी कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने वाचला. चष्मा काढला.

"ठेव तुला. मला नकोच होती, फीना."

"मग भांडलीस कशाला?"

"तू कधी विचारत नाहीस. घेतेस. म्हटलं, या वेळी तरी विचारतेस का बघू."

मग ती कागदाकडे बघत बोलत राहिली. "अकरा वर्षं आईच्या खाटेला खाट लावून झोपले. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. तू तेव्हा तिकडे देदेदो गावात राहायचीस, गाडीने पाऊण तासावर. रविवारी तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन यायचीस. ती तुझं नाव घेऊन हसायची. मी तोंड पुसायला गेले की चावायची मला. आता तरी वेगळं झोपू दे."

दार लावून घेतलं तिने. आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

२ नोव्हेंबर

मेणबत्त्या लावल्या. निएवेस आईच्या थडग्यापासून चार पावलं लांब उभी होती. आई जाऊन पंधरा वर्षं झाली, दर वर्षी ती तिथेच उभी राहते. आज दिसलं मला.

४ नोव्हेंबर

माझ्यामागे —

पदकं आमच्या भाच्याला, किनला. पान्यांची पेटी त्याच्या मुलीला, मुलाला नाही. निळा गणवेश ज्याला बसेल त्याला. घर सबंध निएवेसचं.

आईशेजारची जागा रिकामी ठेवा. फादरना तसं लिहून दिलंय.

निएवेसला दफनभूमीमागच्या टेकडीवर, ती सांगेल तिथे. मला तिच्या शेजारी — पण आधी तिला विचारायचंय. अजून धीर झाला नाही. नाही म्हणाली, तर मला सैनिकांमध्ये ठेवा. तिच्याशी वाद घालू नका.