तात्यांनी दिलेलं पाणी

आण्णा, रविवारी दुपारी मी एक कोरियन पिक्चर बघितला. तुम्ही असता तर म्हणाला असता, सुट्टीच्या दिवशी दुसरं काय काम न्हाय काय. इथल्या फिल्म सोसायटीनं ऑनलाइन दाखवला, लेकीनं पुण्याहून लिंक पाठवली, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून लसूण सोलत बसले. परदेशात जाऊन शेती करणारं एक कोरियन कुटुंब. बोलणं कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं. सुरुवातीला कशाचा कशाला मेळ लागेना. मग तो बाप बायकोला शेतीतलं समजावून सांगायला लागला आणि ती मान डोलवत त्याच्याकडं बघत राहिली. लसूण तसाच राहिला, आण्णा. तुम्ही आणि आईच की ती.

शिरोळचं रान भावांना सोडून तुम्ही शिरोलीच्या फौंड्रीत लागला आणि गडमुडशिंगीला वीस गुंठे माळ घेतला. परदेश कसला, एका जिल्ह्यातला कारभार. तरी गाव तुम्हाला शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिलं. तुम्हीही काही कमी नव्हता. कृष्णाकाठच्या काळ्या रानाला पंधरा दिवसांनी पाणी देतात, म्हणून इथल्या मुरमाड माळावरच्या उसालाही पंधरा दिवसांनीच. बांधाला लागून रान असलेले तात्या हे त्या गावातले तुमचे एकुलते एक दोस्त. रोज संध्याकाळी दोघांची तंबाखू एका हातावर मळली जायची. ते सांगून सांगून थकले, ही माळाची जमीन हाय, हिला आठवड्याला पाणी लागतंय. तुमचं उत्तर ठरलेलं, "ऊस मला शिकवू नका, शिरोळचा हाय मी." पानं सुरळीसारखी वळली तरी तुम्ही हटला नाही. हट्टीपणात तुमचा हात कोण धरणार!

शेवटी आई तात्यांकडं गेली. विहीर सामाईक, पाणी ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वाराला. तात्यांनी स्वतःच्या वाराचं अर्धं पाणी आपल्या उसाला सोडलं. तुमची सकाळची शिफ्ट असली की आई पदर खोचून खोरं घ्यायची, मी सरीच्या तोंडाशी उभी राहायचे. तिनं मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. म्हणायची, "त्यास्नी त्यांचाच ऊस वाटू दे, बाई. तेवढ्यावर तर माणूस उभा हाय."

आणि एक दिवस तुम्ही लवकर आला. सऱ्या ओल्या बघून विचारलंत, तर आई बोलून गेली, तात्यांचा पाट फुटला असंल. तुम्ही फौंड्रीच्या काळ्या कपड्यांतच बांधावर गेला, मी तुमच्या मागं. चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलला. माझा ऊस सडवायचा हाय काय, म्हणाला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते. मग खाली बघत म्हणाले, "व्हय पावणं, फुटला आसंल. चुकलंच माझं."

त्या दिवसापासून तंबाखू बंद झाली. पाणी मात्र त्यांनी बंद केलं नाही. ऊस डोक्याच्या वर गेला आणि तुम्ही येईल त्याला हाताला धरून दाखवत सुटला, बघा, ही शिरोळची पद्धत. काय हसायचा तेव्हा! त्या हसण्यासाठी आई आणखी दहा वेळा खोटं बोलली असती, आणि मीही. फार लाडके होता तुम्ही आमचे.

तात्या तुमच्या मातीला आले होते. सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि मागच्या मागंच गेले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आईच्या शपथेनं माझं तोंड बांधलं होतं. पण आई तुमच्या आधी सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत तुम्ही संध्याकाळी बांधावर एकटे बसायचा, तात्या पलीकडं एकटे. मी चहा घेऊन यायचे आणि कप घेऊन परत जायचे. दोन वाक्यांचं काम होतं. पण तुम्ही गावभर सांगत फिरायचा, माझी लेक कधी खोटं बोलत न्हाय. ते ऐकायला मला फार आवडायचं, आण्णा. म्हणून नाही सांगितलं.