तीन सेकंदांत उत्तर द्या

३ मार्च, सकाळ.
आजपासून शिस्त. जावयाचा खोक्यांचा कारखाना आहे. नवे व्यापारी खोटे टॅक्स नंबर देतात आणि दंड जावई भरतो. नंबर तपासणारा प्रोग्रॅम हवा होता. काम एका दाढीवाल्या प्रोग्रॅमरला जाणार होतं. मी म्हटलं, उभी हयात ऑडिटमध्ये गेली, मी करते. जावई म्हणाला, करा आई, जमलं तर ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल तुमचं. मुलगी म्हणाली, आणि नाही जमलं तर दुपारी नातीला सांभाळ. नात गोड आहे. पण रोज दुपारी तिच्या बाहुल्यांची हजेरी घेणं, यासाठी मी रिटायर झालेले नाही.

५ मार्च.
ऑनलाइन कोर्स अर्धा ऐकला. शिकवणारा दर वाक्याला 'गाइज' म्हणतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. 'सर्व्हरलेस' म्हणे. सर्व्हर, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, असतोच, फक्त दुसऱ्याचा असतो. रोज शेजारी जेवायचं आणि आमच्याकडे स्वयंपाकघरच नाही अशी फुशारकी मारायची, त्यातला प्रकार. उरलेला अर्धा कोर्स मठ्ठ लोकांसाठी असावा.

९ मार्च.
फंक्शन, म्हणजे माझा छोटा प्रोग्रॅम, तयार. ग्राहकाने नंबर टाकला की ते टॅक्स खात्याच्या कॉम्प्युटरला विचारतं, हा खरा का? हो आलं की ऑर्डर पुढे. नाही आलं की ऑर्डर बंद आणि ग्राहकाला ईमेल. ईमेलचा मजकूर माझा: 'आपला नंबर खोटा आहे. आपली लबाडी आमच्या लक्षात आली आहे. आत्मपरीक्षण करावे.' मुद्देसूद.

११ मार्च.
जावयाने दाढीवाल्याला 'नुसतं बघायला' बोलावलं. खुर्चीवर मांडी घालून बसतो. विचारतो, खात्याचा कॉम्प्युटर उत्तरच देत नसेल तर? म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रश्न विचारायच्या तेव्हा तीन मोजेपर्यंत जी बोलली नाही ती दोषी. मी तीन सेकंद ठेवले आहेत, मग 'नाही' धरायचं. तो म्हणाला, पण काकू, गप्प बसणार खातं आणि लबाड ठरणार ग्राहक. तिसरं उत्तर ठेवा ना, 'आत्ता कळत नाही, नंतर बघू'.
'बघू' हे उत्तर नसतं, तो स्वभावदोष असतो. आणि काकू कोणाला म्हणतो हा?

१४ मार्च, संध्याकाळ.
डिप्लॉय केलं, प्रोग्रॅम चालू. म्हणजे एक बटण दाबलं. याचे हे लोक पैसे घेतात. आपल्याच कारखान्याचा नंबर टाकून पाहिला, लगेच हो. टेस्टिंग संपलं. टेबलासाठी फुलदाणी आणली.

२० मार्च, दुपार.
आज टॅक्स भरायची शेवटची तारीख. सकाळपासून फंक्शन लबाड पकडतंय. एकही खरा निघाला नाही. व्यापारी या थराला गेलेत अशी मला शंका होतीच, पुरावा आज मिळाला.

संध्याकाळ.
बिस्किटवालेही लबाड निघाले. कारखान्याचं निम्मं काम त्यांचं, जावयाच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. जावयाला म्हटलं, बघा, किती भोळे तुम्ही. तो खुर्चीत बसला आणि काहीच बोलला नाही. मी मनात तीन मोजले.

२१ मार्च.
दाढीवाला म्हणतो, शेवटच्या तारखेची गर्दी, खात्याचा कॉम्प्युटर दिवसभर गप्प होता. म्हणजे दोष सरकारचा. हे सगळ्यांना नीट समजावलं. कोणी ऐकत नव्हतं. त्याने तिसरं उत्तर घातलं, चहा गार व्हायच्या आत. घाईचं काम, टिकायचं नाही. बिस्किटवाल्यांनी ऑर्डर थांबवली आहे. खिडकीजवळच्या टेबलावर दाढीवाल्याची बॅग होती. मुलगी म्हणाली, आई, तू घरीच थांब आता. जावई एवढंच म्हणाला, बिस्किटवाल्यांना फोन मात्र तुम्हीच करा.

२२ मार्च, दुपार.
नात झोपल्यावर फोन केला. कारखान्यातर्फे, शुद्ध भाषेत. मशीनची चूक झाली, म्हटलं. बिस्किटवाले म्हणाले, बाई, 'आत्मपरीक्षण करावे' हे मशीन लिहीत नाही. ज्याने कोणी लिहिलंय त्याला आधी घरी बसवा, मग ऑर्डरचं बोलू.
मी म्हटलं, कालच बसवलं.
त्यांचं समाधान झालं. ऑर्डर सुरू आहे.