पंधरा वाढदिवसांचा बाजार

मुलुंड, मुंबई
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिला धाकट्या सुगंधाचा नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. तुम्हा दोघांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, थंडी पडायच्या आत कानाला मफलर लावा, मग उगाच माझ्या बहिणीला काढे उकळायला लावू नका. भात कापून झालं असेल. तुळशीचं लग्न लावलंस ना? इथे आम्ही संस्थेच्या मागच्या दारी डालड्याच्या डब्यातल्या तुळशीचं लग्न लावलं. मुलांनी अक्षता कमी टाकल्या आणि जास्त खाल्ल्या.

तू पाठवलेली आमसुलं पोचली. गोधडीही पोचली. गणपतीपासून आलेली तुझी तिन्ही पत्रं माझ्यापाशी आहेत. उत्तर दिलं नाही, त्याला वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. पण तू मला लहानपणापासून ओळखतेस. वेळ होता.

तिन्ही पत्रांत तुझा एकच प्रश्न, मुलीला कधी आणणार. "चेडवाक कधी हाडतलंस गो?" त्याचं उत्तर आधी लिहिते, बाकीचं मागून. शेवंती गेली. परवाच्या गुरुवारी दुपारी टॅक्सी आली आणि स्वीडन देशातलं एक जोडपं तिला दत्तक घेऊन गेलं. आता तिला आणायची नाही. तू ओसरीवर बसून वाट बघू नकोस.

आक्का, पुढचं पत्र निवांत बसून वाच. भाऊजींना वाचायला लावू नकोस. आधी तू वाच.

ती दोघं भली माणसं होती, हे आधी सांगते. बाईचं नाव बिर्गिट. उंच, हाडापेराने मजबूत, आणि उन्हाने नाक सोललेलं. नवरा आर्ने, तो फारसा बोलायचा नाही, पण शेवंतीच्या डाव्या पायाला रोज सकाळी स्वतः तेल लावायचा. तोच पाय गं, जो आत वळलाय म्हणून चार घरांनी तिला बघून पाठ फिरवली होती. तू वैशाखात आलीस तेव्हा तो पाय मांडीवर घेऊन म्हणाली होतीस, "पाय वाकडो असलो तरी वाट सरळ धरतली." ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

जाण्याच्या दोन दिवस आधी संस्थेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "सुगंधा, यांना बाजारात घेऊन जा. मुलीसाठी इथल्या वस्तू घ्यायच्यात त्यांना." भाषेसाठी ऑफिसातला नंदकुमार बरोबर दिला. टाइपरायटरवर बसणारा तो लुकडा क्लार्क, तुला त्याने चहा आणून दिला होता बघ. शेवंती माझ्या कडेवर होती. बिर्गिटबाईकडे ती जायची, पण रस्ता ओलांडायचा झाला की पुन्हा माझ्याकडे हात करायची.

मला वाटलं, एखादी साडी, एखादी गणपतीची मूर्ती घेतील आणि मोकळे होतील. पण बाईने पिशवीतून वही काढली. वहीत चारपासून अठरापर्यंत आकडे लिहिलेले. नंदकुमारने समजावलं, "मावशी, येत्या महिन्यात हिला तीन पूर्ण होतात. पुढे अठराव्या वर्षापर्यंत दर वाढदिवसाला इथली एक वस्तू तिच्या हातात द्यायची, असं त्यांचं आहे. टोटल पंधरा. आणि कुठल्या वयाला काय, ते तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मग काय मी? मला काय कळतंय पोरींचं यार."

बाजारपेठेच्या तोंडाशी उभी राहून मी त्या वहीकडे बघत राहिले. चार वर्षांची शेवंती, सात वर्षांची शेवंती. अकरा, चौदा. मला यातली एकही बघायला मिळणार नव्हती आणि सगळ्या मलाच नटवायच्या होत्या.

चौथ्याला भातुकली. खेळण्यांच्या दुकानात सावंतवाडीची लाकडी, रंगीत लाखेची भातुकली होती, चूल, पोळपाट, जातं, सगळं. बाईने ते इवलं जातं हातात धरून फिरवलं आणि लहान मुलीसारखी हसली. दुकानदार सांगत होता, "लय लांबून येतो माल." तुझ्या घरापासून तासाच्या वाटेवर ती बनते, आक्का.

पाचव्याला पाटी आणि मुळाक्षरांचं पुस्तक. सहाव्याला खणाचं परकर-पोलकं. शिंपी म्हणाला माप द्या, तर मी हवेत हात धरून दाखवलं, एवढी होईल. नवव्याला सागरगोटे. बाईला ते नुसते दगड वाटले, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून खेळून दाखवले. माणसं जमली. नंदकुमार म्हणाला, "मावशी, झकास! आमची आई पण अशीच खेळायची." दहाव्याला रांगोळीचा डबा आणि ठिपक्यांचा कागद. तेराव्याला कुंकवाची कोयरी. नंदकुमार पुड्यांवर आकडे घालत होता. मधेच म्हणाला, "मावशी, तुम्ही तर हिची पुरी लाइफ पॅक करताय."

खरं सांगू? त्या दोन-तीन तासांत मी सुखात होते. एखादी आई लेकीचं करते ना, तसं मी अकरा वर्षांनी कुणाचं तरी केलं. हे गेल्यापासून मला बाजारात स्वतःसाठी तेल-मिठापलीकडे काही घ्यावं लागलेलं नाही.

सोनाराकडे एक गंमत झाली. बाईने काचेतून काळ्या मण्यांची माळ निवडली आणि वहीत सोळाच्या आकड्यापुढे बोट ठेवलं. मंगळसूत्र! मी घाईघाईने परत ठेवायला लावलं. नंदकुमारने हसत हसत समजावलं, तर बाईचं तोंड लाल झालं, आणि आर्ने तिला चिडवत राहिला. मी सोळाव्यासाठी चांदीचे पैंजण निवडले. डाव्या पायातला थोडा सैल करून घेतला.

उरल्या अठराव्याच्या बांगड्या.

कासाराचं दुकान तू बघितलंयस, पाचरस्त्याकडून आत वळलं की दुसरं. म्हातारा कासार चष्म्यावरून बघत म्हणाला, "कोणाच्या हातात भरायच्या?"

"अठरा वर्षांच्या मुलीच्या."

"आणा तिला पुढे."

मी कडेवरच्या शेवंतीकडे बोट दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, हाताशिवाय माप कसं सांगू? मुलगी समोर नसली तर आम्ही आईचा हात बघून अंदाज बांधतो. आई कोण हिची?"

‘आई’ हा शब्द बिर्गिटबाईला कळत होता. संस्थेत दिवसभर तोच कानावर पडतो. तिने पटकन हात पुढे केला. कासाराने तो बघितला न बघितला आणि मान हलवली. "या हाताचा काय उपयोग? हिला जन्म दिलेली आई कोण?"

ती कुठे आहे कोणाला ठाऊक? मग मीच हात पुढे केला. तसंही दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्याने माझी बोटं जुळवून, अंगठ्याखालचं हाड दाबून बघितलं. अकरा वर्षांत माझा हात कोणी असा हातात घेतला नव्हता. म्हणाला, "सव्वादोन." आणि हिरव्या बांगड्या काढायला लागला.

आणि तिथे, आक्का, माझ्या डोळ्यांपुढे तुझा हात आला. अडीचची बांगडी घालणारा, शेणाने-चिखलाने रुंद झालेला. या पोरीची आई व्हायला पुढे आलेला हात होता. तो या दुकानात असायला हवा होता आणि तो इथे नव्हता, तो माझ्यामुळे.

आता लिहिते.

वैशाखात तुम्ही दोघांनी शेवंतीसाठी भरून दिलेला अर्ज मी मोठ्या बाईंकडे दिलाच नाही. तुमच्या दोघांच्या सह्या, भाऊजींच्या जमिनीचा उतारा, तुमच्या लग्नाचा फोटो, सगळं माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. तुला लिहीत राहिले की कागदांना वेळ लागतो. कागद कुठे गेलेच नव्हते.

इथे नियम आहे, परदेशी पाठवण्याआधी इथल्या घराला विचारायचं. मोठ्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "तुझ्या बहिणीचं काय ठरलं?" पहिल्यांदा मी म्हटलं, विचार करतायत. दुसऱ्यांदा म्हटलं, नको म्हणाले. पायामुळे. तुझ्या नावावर मी हे बोलले, आक्का.

का, ते तू विचारशील. मी तुझा दुस्वास केला नाही. ती रात्री माझ्या खोलीत निजायची. सकाळी माझ्या वेणीचं टोक तोंडात धरून उठायची. तुझ्याकडे दिली असती तर मला वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाहुणी म्हणून दिसली असती आणि मला मावशी म्हणाली असती. वाकड्या पायाच्या मुलीला कोण मागतंय, राहील इथेच, असा माझा हिशेब. तिला कोणी घर देऊ नये, असं मी मनात धरून बसले होते. असलं पाप कोणती आई करते? तरी स्वतःला आई म्हणवून घ्यायची हौस मात्र होती.

श्रावणात स्वीडनहून कागद आले. तेव्हाही अर्ज काढून दिला असता तर चाललं असतं. पण मग खोटं बोलले ते कबूल करावं लागलं असतं, नोकरी गेली असती आणि खोलीही. मी भ्याले. भीतीपोटी गप्प बसले आणि तुझ्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं. धरून ठेवायला गेले आणि तुझीही गेली, माझीही गेली.

बाजारातून आल्यावर बिर्गिटबाईने एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. अठराव्याच्या पुडीत घालायला, शेवंतीच्या भाषेत, मराठीत, चार ओळी लिहा म्हणाली. नंदकुमार सांगत होता, "पोरगी मोठी झाल्यावर पहिलं हेच विचारणार ना मावशी, की तिकडे मला कोणालाच ठेवून घ्यायचं नव्हतं का? बाई म्हणतात, तेवढं तुम्ही लिहा."

गोडगोड काहीतरी लिहून सुटता आलं असतं. बसले आणि खरं लिहिलं. लिहिलं की तुला इथे मागितलं होतं. कोकणात एक घर आहे, तिथल्या बाईने तुझ्यासाठी जुनी लुगडी जोडून गोधडी शिवली. त्यांचा अर्ज मी, सुगंधाने, लपवला. तू नकोशी नव्हतीस. खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि गावाचा पत्ता, पोस्टासकट. नंदकुमारने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि घडी घालून दिली. गोधडी मी तिच्याबरोबर दिली. टॅक्सीत ती तिच्यातच गुंडाळलेली होती. रडली नाही. तिला वाटलं, पुन्हा बाजारात निघालोय. मलाच हात करत होती, तू पण ये म्हणून.

अर्ज घेऊन मी उद्या मोठ्या बाईंकडे जाणार आहे. पुढे जे होईल ते होईल. काम सुटलं तर तुझ्या दारात येणार नाही, ती काळजी करू नकोस.

हे सगळं तू परक्याच्या पत्रातून ऐकू नयेस म्हणून आधी मी लिहिते आहे. क्षमा मागत नाही, ती मागायला तोंड नाही. मला लिहू नकोस, माझं नाव काढू नकोस, भाऊजी काय म्हणतील तेही मला मान्य आहे. पण एक मागते. गावातलं घर मोडू नका, विकू नका, आणि पोस्टमन बदलला की दर वेळी त्याला तुझं नाव सांगून ठेव. दोन हजार एक साल संपताना तिला अठरा पूर्ण होतील आणि तुला एक पत्र येईल. ते तुझ्या हातात पडायला हवं.

तुझी म्हणायचा हक्क जिने घालवला, ती
सुगंधा