न कोरलेली फळी

११ फेब्रुवारी १९९०, कोलशेत

वाचनालयातल्या जपानी छापचित्रांच्या पुस्तकाने डोकं खाल्लंय. युद्धानंतरचे हे चित्रकार चित्र काढण्यापासून ते लाकडात कोरून छापण्यापर्यंत सगळं स्वतःच करतात. एकाने तर लाकडाच्या अंगच्याच नुसत्या रेषा छापल्यात. हे चित्र?

म्हणून आज बाबांच्या मोडलेल्या होडीची फळी घेतली. काहीच न कोरता शाई लावली, वर कागद ठेवून वाटीने घासला. रेषा उमटल्या, डावीकडे खिळ्याचं भोक.

होडी मोडल्यापासून बाबा तिचा विषयच टाळतात. जाळं विणता विणता त्यांनी कागद पाहिला, हात थांबला.

"अगं, ही त आपली होरी! पन भोक उजवीकडं व्हता."

छाप आरशासारखा उलटा येतो, हे सांगायचं राहिलंच. पण मी होडी कुठे काढलेली?