निळ्या दाराचा पत्ता

प्रीती,
शाळेतून आलीस की दप्तर ठेव आणि सरळ बनूमावशीकडे जा. जेवण तिथेच ठेवलंय. मी कंपनीतून येईपर्यंत घरी एकटी थांबू नकोस.

सकाळी तुझ्या डिक्टेशनचे शब्द शोधायला कॉम्प्युटर लावला, तर तुझ्या चॅटवर कुणी रॉकी आला. मला वाटलं, वर्गातला असेल. दारात आलेल्याशी बोलावं तशी एका बोटाने टाइप करत बोलत बसले. घर कुठे म्हणाला, तर शिवमंदिराच्या मागची गल्ली, निळं दार, सगळं सांगून मोकळी झाले. मग सवयीने मीही विचारलं, "तू कोणाचा रे? आईचं नाव काय?" तर पठ्ठ्या गायबच!

तेव्हापासून डोक्यात एकच. हा आहे तरी कोण?

माउस पर्समध्ये घालून नेतेय. तुझ्यावर राग नाही गं, मलाच धीर होत नाही. उद्या कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणू. मी भाजी निवडत शब्द सांगेन, तू लिही.

पत्ता दिला ती चूक माझी. पण तुझ्या शाळेचं नाव मी सांगितलं नव्हतं, बाळा. ते त्यानेच मला सांगितलं.

मम्मी