खाणीतली पायरी

रविवार, १२ जानेवारी

आज पाण्याखाली मी शंकरची दोरी सोडली. चूक निःसंशय माझी.

कुंडलजवळची ही दगडखाण आमच्या लहानपणी कोरडी होती. शेळ्या मोकळ्या सोडून आम्ही दोघे तिच्या एका रुंद पायरीवर भाकरी खात असू. आता तिथे इतके गढूळ पाणी आहे की आपलाच हात दिसत नाही. म्हणून एकेकाळी सैन्यात पाणबुड्या असलेल्या शंकरचा नियम: दोघांच्या हाती एकच दोरी. एक हिसका म्हणजे ‘ठीक आहेस?’, दोन म्हणजे ‘ठीक’.

जिच्यासाठी उतरलो ती पायरी हाताला लागली. दोन्ही हातांनी चाचपावी, एवढ्यासाठी दोरी सोडली. मिनिटभरच... की अधिक?

वर आल्यावर शंकर कडाडला, “पायरी कुठं पळून चालली व्हती व्हय रं?”

“उत्तर न येणे हा मृत्यूचा पुरावा नव्हे,” मी म्हणालो.

“गड्या, तुजं तर्कशास्त्र काठावर ठिवून उतरत जा!”

पण माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा सोडताना त्याची बोटे थरथरत होती. जन्मभर तर्कशास्त्र शिकवले. त्या बोटांचे खंडन करता येईना.

किती हिसके दिले असतील त्याने? पायरीवर माझ्या शेजारी बसणारा दोरीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि मी दगड चाचपत होतो.